बनशंकरीतला दुसरा कस्तूर

"हे ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये. माझा स्वतःचा बसला नव्हता." भीमाचार्य फोन तोंडाशी धरून बोलत होते. "पण बनशंकरीत आता दुसरा कस्तूर आलाय. पहिला शीळ घालतो, हा उत्तर देतो. होय की. दोन्ही कानांनी ऐकलंय मी."

संदेश 'कान' गटावर गेला. भीमाचार्य गॅलरीत वाट बघत बसले.

गंमत अशी की भीमाचार्यांच्या लेखी दुसरा कस्तूर अगदी खरा होता. खोटा होता तो पहिला.

त्याचं झालं असं. बेंगळुरूतल्या बनशंकरीत राहणारे भीमाचार्य बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात बोलणारा म्हणून कुकर तेवढा उरला. गुडघे जिना उतरू देईनात. समोरच्या इमारतीत कोण राहतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मध्ये करंजाचं दाट झाड होतं.

एकदा त्या झाडात काहीतरी टुकटुकलं. काय ते कळेना, म्हणून त्यांनी इंटरनेटवर पक्ष्यांच्या एका पानावर विचारलं. "तांबट आहे, काका," असं उत्तर आलं. उत्तर देणारी शाल्मली, मूळची पुण्याची, नोकरीला बेंगळुरूत. तिने टोरांटोच्या मल्हारशी गाठ घालून दिली. मल्हारने आणखी कोणाशी. असा एकेक माणूस वेचत भीमाचार्यांनी आपली शाळा, म्हणजे हा 'कान' गट, जमवली. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोटोच्या जागी सगळ्यांचे पक्षीच होते.

त्या शाळेतले मोठे मास्तर म्हणजे शिवाप्पा. खानापूरच्या जंगलाला लागून त्यांचं घर म्हणे. त्यांनी पाठवलेले आवाज असे असत, की ऐकता ऐकता पायाला जळू चिकटेल.

"शिळेचं डोकं सगळेच ऐकतात, आचार्य," ते सांगत. "तुम्ही शेपूट ऐका."

भीमाचार्य शेपटं ऐकायला शिकले. पण दर रविवारी ज्याने त्याने आपल्या भागातला आवाज पाठवायची गटाची रीत होती. शिवाप्पांकडे रान, मल्हारकडे तळी. भीमाचार्यांकडे कावळा, कबूतर आणि पाण्याचा टँकर. कावळ्याला कोण उत्तर देतो? त्यांचे आवाज तसेच पडून राहत, आणि भीमाचार्यही.

मग एका रविवारी त्यांनी न्हाणीघरातला नळ ओढ्यासारखा सोडला आणि कस्तुराची शीळ घातली. रानातल्या ओढ्याकाठचा तो पक्षीच असा, की कोणी आळशी माणूस काम टाळून शीळ घालतोय असं वाटावं. त्यामुळे निम्मं काम सोपं होतं. "समोरच्या करंजात कस्तूर," असं लिहून त्यांनी ती पाठवली.

फोन दिवसभर वाजत राहिला. शिवाप्पांनी एवढंच लिहिलं, "ओढा झकास वाहतोय, आचार्य."

पुढे रोज सकाळी गॅलरीत सराव चालू झाला. आणि एका सकाळी करंजामागून उत्तर आलं. तीच शीळ, पण शेपूट आणखी मुरलेलं. भीमाचार्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पुन्हा शीळ घातली. पुन्हा उत्तर. दुसऱ्या दिवसापासून ते दाढी करून गॅलरीत येऊ लागले.

ही बातमी गटावर गेल्यावर मल्हारचा संदेश मात्र कोरडा आला. "बनशंकरीत कस्तूर? तेही दोन? हे एआयने बनवलेलं आहे. खोटा आवाज पाठवणाऱ्याला गटातून काढायचं, हे आपलं ठरलंय."

"असं नको," शाल्मलीने लिहिलं. "रविवारी मी काकांकडे जाऊन लाइव्ह ऐकवते. शिवाप्पा काका सांगतील ते फायनल."

आठवडाभर भीमाचार्यांना जेवण गेलं नाही. गटाबाहेर काढलं तर पुन्हा तो कुकर.

रविवारी शाल्मली माइक घेऊन आली. तिने शिवाप्पांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"ऐकू येतंय की," शिवाप्पा म्हणाले. "इकडे रानात वारा आहे भारी. मी म्यूट करून बसतो. तुमचं चालू द्या."

बराच वेळ गेला. कावळा ओरडला. कबुतरं घुमली.

"काका, पहिला कुठे बसतो?"

"इथंच. लाजतो स्वल्प."

"आणि दुसरा?"

"पहिल्यानं हाक मारल्याशिवाय तो बोलत नाही, अक्का."

"मग पहिल्याला बोलवा ना."

भीमाचार्यांनी करंजाकडे पाहिलं. शाल्मलीने कानावरचे हेडफोन उतरवले. "मला वाईट वाटतंय, काका. पण मल्हारला मी काय सांगू?"

भीमाचार्यांनी कठडा धरला. खरा कस्तूर दाखवायचा तर खोट्याला उघडं पाडायला हवं होतं. त्यांनी ओठ ओले केले आणि तिच्यासमोरच शीळ घातली, डोक्यापासून शेपटापर्यंत.

शाल्मली त्यांच्याकडे वळली. "म्हणजे तो पहिला..."

"थांब की स्वल्प," भीमाचार्य म्हणाले. "आता ऐक."

करंजामागून उत्तर आलं. संथ, आळसावलेलं, मुरलेलं. आणि त्याच क्षणी तेच उत्तर टेबलावरच्या फोनमधूनही आलं.

कोणी काही बोलणार, तोच खाली गल्लीत पालेभाजीची गाडी शिरली. गाडीवाला "सोप्पू, सोप्पू" करत ओरडला. फोनमधल्या खानापूरच्या रानातूनही तोच माणूस ओरडला, "सोप्पू, सोप्पू."

शाल्मलीने फोन उचलला नाही. ती कठड्याशी गेली आणि करंजापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिवाप्पा काका, तुम्ही म्यूट केलेलं नाहीये."