धोटे गुरुजींची बहीण

तृप्तीने तिसरं प्रकरण संपवलं आणि पुस्तक ओट्यावर आपटलं.

"बाबा, हे वाचलं तुम्ही?"

हेमराज धोटे अंगणात खुर्चीवर संत्रं सोलत बसले होते. सौसरच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती, तरी गावात ते अजून गुरुजीच होते.

"वाचलं," ते म्हणाले. "छपाई साफ आहे."

"छपाई? सख्ख्या बहिणीले कापसाच्या कोठीत कोंडणारा राक्षस करून टाकलं त्यानं तुम्हाले, अन् तुम्ही छपाई पाहून राहिले?"

गुरुजींनी एक फोड तिच्यासमोर धरली. "घे. गोड आहे."

उर्मिला त्यांची धाकटी बहीण. गावच्या नाटकातून निघून ती सिनेमात गेली, चाळीसेक चित्रपटांची नायिका झाली आणि मागच्या वर्षी मुंबईत वारली. दिवाळीत तिचं चरित्र आलं. लेखक नागपूरचे, मुकुंद देवतळे. त्यांनी लिहिलं होतं की एकोणीस वर्षांच्या उर्मिलाला नाटक कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा भावाने तिला एकवीस दिवस कोठीत डांबलं, मारहाण केली. शेवटी छपराची कौलं काढून ती पळाली आणि पांढुर्ण्याला जाऊन गाडीत बसली.

वर्तमानपत्रांनी नेमकं तेवढंच उचललं. चाळीस चित्रपटांचं कोणाला काही पडलं नव्हतं. मथळे कोठीचे, आणि त्याखाली गुरुजींचा जुना फोटो.

आठवड्याभरात शाळा समितीचे नत्थूजी घरी आले. शाळेच्या नव्या सभागृहाला गुरुजींचं नाव द्यायचं ठरलं होतं. बराच वेळ ते टोपीशी चाळा करत बसले.

"गुरुजी, तो कार्यक्रम जरा समोर ढकलू म्हणतो. लोक बोलून राहिले."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. त्यांनीच चहा आणून दिला.

तृप्तीच्या मात्र अंगाचा भडका उडाला. या माणसाने तिला जन्मात एक चापट मारली नव्हती. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी हेच हात तिच्या वेण्या घालायचे, भांग वाकडा झाला की पुन्हा सोडून पुन्हा घालायचे. त्या हातांवर असा आरोप?

तिने माळ्यावरची कात्रणं काढली. पाच मुलाखती. पाचही ठिकाणी आत्याचं एकच म्हणणं: दादानेच मला पांढुर्ण्याला गाडीत बसवून दिलं, त्याच्या आशीर्वादानेच मी इथवर आले.

"नोटीस पाठवते मी त्याले," ती म्हणाली.

"नको."

"मंग तोंडावर विचारते. रविवारी तो पांढुर्ण्याले येऊन राहिला, वाचनालयाच्या कार्यक्रमाले. तुम्ही चला सोबत."

गुरुजी म्हणाले, "मी येत नाही. अन् तू गेली तर ओरडू नको त्याच्यावर. माणूस बरा आहे."

इतकं होऊनही बाबा त्या माणसाची बाजू घेतात, हे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. भाषण संपून प्रश्न सुरू झाले तशी ती उठली.

"मी हेमराज धोटेंची मुलगी," ती म्हणाली. खुर्च्या वळल्या. "तुम्ही लिहिलं ते प्रकरण वाचलं. बाई मेली, ती काही सांगाले येत नाही. अन् आम्ही सौसरचे, मुंबईचे नाही, आम्हाले कोण विचारते? नटीचं आयुष्य लिहाचं म्हटलं की घरात एक वैरी लागतेच तुम्हाले, नाही तर पुस्तक खपत नाही. आत्यानं सोता पाच वेळा काय सांगितलं, ते हे पहा." तिने कात्रणं उंच धरली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बाजारात जात नाही महिन्यापासून. कोणी सांगितलं हो हे तुम्हाले?"

टाळ्या पडल्या. देवतळ्यांचा चेहरा उतरला.

"ताई, आपण आत बोलू या का?"

"इथंच सांगा!"

"इथे नाही सांगता येत."

"पळून राहिला!" मागून कोणीतरी ओरडलं.

तरी ती गेली. आतल्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे रचलेले होते. देवतळ्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले.

"उर्मिलाबाईंनी मलाही तेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "सहा वेळा भेटलो. सहाही वेळा, दादाने गाडीत बसवून दिलं. मी तसंच लिहिलं होतं."

"मंग बदललं कायले?"

"मग त्या गेल्या."

"अन् तुम्हाले रान मोकळं भेटलं."

त्यांनी पिशवीतून एक लिफाफा काढला.

"हा उद्या सौसरला परत द्यायला येणार होतो. घरचं कोणी विचारायला आलं तरच दाखवायचा, अशी अट होती."

"कोणाची अट?"

"हे त्या प्रकरणाचं छापण्यापूर्वीचं पान. मी फार सौम्य लिहिलं होतं, ताई. तेवढंही छापायला हात धजत नव्हता. वाचा."

तिने पान उलगडलं. टाइप केलेलं वाक्य होतं, 'चिडलेल्या भावाने एकदा तिच्यावर हात उगारला.' त्यातलं 'एकदा' लाल शाईने खोडलेलं होतं. त्याच्या वर, ज्या वळणावर तिने लहानपणी पाटी गिरवली त्या सुवाच्य अक्षरात, एकच शब्द होता: 'रोज'. आणि समासात, मुलांच्या वहीवर करावी तशी सही: तपासले, हे. धोटे.