शेवटची चाचणी

"काका, आता लहान मुलासारखं किंचाळा," भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातली तनुजा वहीतून मान न उचलता म्हणाली.

मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी कुत्री निवडायची होती आणि चाचणीपुरतं मूल मी होतो. वय वर्षं बाहत्तर. किंचाळलो. बटाटा नावाच्या लंगड्या कुत्र्याची शेपटी ओढली, कान पिळला, समोरचं बिस्कीट पळवलं. तो माझ्याकडे नातवाकडे बघावं तसा बघत राहिला.

"पास! आता तुम्ही फाटकाबाहेर जा. संध्याकाळी मुलं घरी जातील, तेव्हा कुत्र्यानं रडता कामा नये. रडला तर शिबिर नाही, पुन्हा पिंजरा."

बाहेर भिंतीला टेकून मी देवाला म्हटलं, गप्प ठेव रे त्याला. पण बटाट्यानं असा गळा काढला, की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला.

आत आलो. तनुजानं लाल पेन उघडलं होतं. "नापास, काका."

बायको गेल्यापासून मी कुठंही निघालो की मागं फक्त कुलूप वाजतं.

"घाई नको," मी म्हणालो. "खात्रीसाठी पुन्हा एकदा बाहेर जाऊन येतो."