हौद्यातली मॅट

वेल्डर रज्जाकने पिकअपच्या हौद्यातली मॅट उचलायला सांगितली, तेव्हा चंदरच्या अगदी जिवावर आलं. अकरा वर्षं या हौद्यातून तो बंदरावरची मासळी वाहत होता. बर्फाचं खारं पाणी पत्रा खातं, म्हणून गाडी घेतल्या घेतल्या त्याने ही जाड रबरी मॅट टाकली आणि कडेने सिलिकॉन असं भरलं, की मुंगीसुद्धा शिरू नये. दर दसऱ्याला तो ती घासूनपुसून लख्ख करायचा. उचलून मात्र एकदाही पाहिली नव्हती.

मॅट निघाली ती पत्र्याचा भुगा घेऊनच. खाली रस्ता दिसत होता.

"पाणी कुठून ना कुठून शिरतंच, चंदरदादा. तुम्ही त्याला बाहेर पडायला भोकच ठेवलं नाही," रज्जाक म्हणाला. त्याने खालच्या चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, हातोडी मारली. तिचीही खपली पडली.

"वरून नवा पत्रा मार. रेड ऑक्साइडचे दोन हात मी देतो," चंदर म्हणाला.

"मारू कशावर? वेल्डिंग धरायला लोखंड तर पाहिजे ना!"

रज्जाकने मशीन बंद केलं. चंदरने मॅट पुन्हा अंथरली आणि सवयीने तिच्या कडा दाबून बसवल्या.

गाडी हळूहळू चालवत तो घरी आला. त्याची बायको सुलू मासळीच्या पाट्या धुऊन दारातच उभी होती.

"झाली का गाडी?" तिने विचारलं.

"झाली," तो म्हणाला.

तिने लगेच पाट्या हौद्यात चढवायला घेतल्या.