पपईची फोड

सासूबाईंनी माझ्या ताटलीतली पपईची फोड उचलून घेतली. "उष्ण पडते. आता नको खाऊस."

सकाळपासून त्या माझ्यावर नजर ठेवून होत्या. आमच्या घरात पाळीबद्दल कुणी बोलत नाही. मी पोट आवळून कॉटवर पडले, ओकले, की सगळ्यांना कळतं. आज तारीख उलटून दोन दिवस झाले होते आणि मी मजेत पोळ्या लाटत होते. त्यांनी भरलेली कळशीही माझ्या हातून काढून घेतली, तेव्हा मला त्यांचा संशय कळला.

"आई, मला दिवस गेलेले नाहीत. पाळी परवाच आलीय, फक्त दुखत नाहीये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळा सुरू व्हायच्या आधीच, जेवून गोळी घ्यायची. मी वेड्यासारखी अगदी सहन होईना तेव्हा घ्यायचे, तीही अर्धी."

"दुखत नाही?" मी खोटं बोलतेय असंच त्यांना वाटलं. गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं.

"माझी पाळी कायमची गेली, तेव्हा मी देवीला नारळ फोडला होता," त्या म्हणाल्या. "सुटले म्हणून. आणि हे एवढ्याशा गोळीचं काम होतं?"