पायपिटीचे दिवस

“फाळका उघड,” केबिनमधून खाली उतरत भाऊसो पोराला म्हणाला.

मल्हारनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कराड सोडल्यापासून ट्रक मुंगीच्या पावलानं सरकत होता, आता तेही थांबलं होतं. समोर अर्धवट उड्डाणपूल, मागं क्षितिजापर्यंत गाड्या. वर पुलाचा निधी अडला होता आणि खाली माणसं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हा फलक तेवढा वेळेवर लागला होता.

हौद्यात पन्नास मेंढ्या उन्हानं धापा टाकत होत्या.

भाऊसो दरवर्षी हा कळप विट्याकडून चालवतच आणायचा. यंदा मल्हारनं हट्ट धरला. आपल्या वाट्याच्या मेंढ्या विकून त्यानं ट्रक घेतला होता आणि त्याची मिजास अजून उतरली नव्हती. “आवं आबा, पायपिटीचं दिवस गेलं,” असं तो घरात सगळ्यांसमोर म्हणाला होता. खतासाठी रानात कळप बसवायला नाथाजी पाटलांनी आजची रात्र दिली होती. रान इथून जेमतेम तीन कोस. दिवस मावळायच्या आत पोचलं नाही, तर पाटील दुसऱ्याचा कळप बोलावणार होते.

“वाईच दम धरा. सुटंल आता.”

“मी धरतू. त्यांनी किती धरायचा?”

तेवढ्यात एक मेंढी मटकन बसली. मल्हार घाबरून उतरला. त्यानं हौद्याचा मागचा फाळका पाडला, प्यायच्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर ओतलं, तेव्हा ती कशीबशी उठली. मग बापलेकांनी एकेक मेंढी उचलून खाली ठेवली. मागचा ड्रायव्हर मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मल्हारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तू बी चल,” भाऊसो म्हणाला.

“आन् ट्रक?”

 भाऊसोनं एक कोकरू काखेत मारलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, आणि कळप गाड्यांच्या फटीतून ओढ्याच्या वाटेला लागला.

रिकामा ट्रक घेऊन मल्हार बसून राहिला. ट्रक ना पुढं जाईना, ना मागं घेता येईना. दिवस मावळताना फोन वाजला.

“पोचलो रं. समद्या पाणी पिल्या. ती बसलेली बी चरतीय. तू कुठवर आलास?”

मल्हारनं समोर बघितलं. पुलाचा दुपारचाच खांब होता. 

“हितंच हाय, आबा.”

पलीकडं मेंढ्यांची बें-बें चालली होती.

“बरं. थांब तितंच,” भाऊसो म्हणाला. “भाकरी घिऊन चालत येतू.”