गुणाजीची शिट्टी

"बॉयलरातलं पाणी दाखवणारी काच गेली?" उत्तराने कपाळावर हात मारला. "काका, दोन महिन्यांत ही तिसरी वस्तू!"

"भंगारवाले, दुसरं कोण?" प्रभाकरराव गुप्ते म्हणाले. "शेडला दार तरी धड आहे का?"

साल नव्वद. कंपनीला पन्नास वर्षं होत होती. कोपरच्या खाडीकाठी शेडमध्ये गंजत पडलेलं वाफेचं छोटं इंजिन शिट्टी वाजवत वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या फाटकात उभं करायचं, असं साहेबलोकांनी ठरवलं होतं. एके काळी ते अरुंद रुळांवरून बंदरावरची रेती ओढायचं. दुरुस्तीसाठी कंपनीने आपल्या जुन्या फोरमनला, प्रभाकररावांना, ठाण्याच्या नौपाड्यातून हुडकून आणलं, आणि देखरेखीला उत्तरा नावाची तरुण इंजिनियर नेमली.

"नवी काच उद्या पाठवते. पण शनिवारी वाफ धरायची आणि सोमवारी ट्रेलर येणार. आता तारीख बदलणार नाही," असं बजावून ती गेली.

तिची जीप दिसेनाशी झाल्यावर प्रभाकररावांनी जेवणाच्या पिशवीत हात घातला. काच शाबूत होती.

होय, चोर तेच. आधीची स्प्रिंग आणि पितळी झडपही त्यांच्याच घरी देव्हाऱ्याखालच्या खणात होती. आयुष्यात कंपनीची पेन्सिलसुद्धा घरी न नेलेल्या माणसाला बासष्टाव्या वर्षी ही दुर्बुद्धी सुचली, ती जनाबाईमुळे.

जनाबाई म्हणजे गुणाजीची बायको. गुणाजी याच इंजिनाचा ड्रायव्हर. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. खाडीच्या वळणावर आला की तो शिट्टी द्यायचा, दोन आखूड, एक लांब. ती ऐकून कोळीवाड्यात जनाबाई चुलीवर भात चढवायची. दुरुस्ती सुरू झाल्याचं कळल्यापासून मासळी विकून झाली की ती रिकामी पाटी घेऊन शेडमध्ये यायची आणि एकच विचारायची.

"कवा वाजंल?"

"वाजेल हो. घाई केली की काम बिघडतं."

मग ती टेकायची. डब्यातून तळलेले बोंबील आणायची. नौपाड्यातल्या सीकेपी विधुराने बोंबलाला नको म्हटल्याचं कुणी ऐकलंय? पण बोंबील हे आपलं निमित्त. तिच्याशी चार शब्द बोलले की त्यांचा दिवस भरून जायचा, आणि संध्याकाळी घरी रिकाम्या खोल्या खायला उठायच्या. इंजिन गेलं की नौपाड्याच्या गुप्त्यांना कोपरला यायचं कारणच उरणार नव्हतं. मनातलं बोलून दाखवायची तर सोयच नव्हती. तिचा जीव नवऱ्याच्या शिट्टीत अडकलाय, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शुक्रवारी मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली. बाई एकोणीस वर्षं एका हाकेसाठी थांबलीय आणि आपण ती जेवणाच्या पिशवीत दडवतो! त्यांनी घरून सगळ्या वस्तू आणल्या आणि जागच्या जागी बसवल्या. राहिली फक्त शिट्टी.

जुन्या कामगारांची एक रीत होती. इंजिन दुरुस्त झालं की शिट्टीचे शेवटचे आटे ड्रायव्हरच्या घरच्यांनी नुसत्या हाताने फिरवायचे. पाना लावायचा तो दुसऱ्या दिवशी, वाफ धरायच्या आधी. त्यांनी जनाबाईला हात देऊन वर घेतलं. तिने पितळेवरून बोटं फिरवली, डोळे पुसले आणि शिट्टी बसवली.

"झालं," प्रभाकरराव म्हणाले. "उद्या वाजेल."

"उद्याच?"

"उद्याच."

ती खाली उतरली. त्या दिवशी डबा उघडायचं दोघांनाही सुचलं नाही.

शनिवारी सकाळी शिट्टी जागेवर नव्हती.

उत्तराने शेडचा कानाकोपरा धुंडाळला. "तशी ओतून घ्यायची म्हणजे महिना गेला," असं म्हणत ती ट्रेलर रद्द करायला निघून गेली. खोटी चोरी करणाऱ्याच्या घरी देवाने खरा चोर धाडला होता. प्रभाकरराव तडक कोळीवाड्यात गेले. जनाबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"जनाबाई, मी तुमचा गुन्हेगार आहे," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "आधीच्या वस्तू भंगारवाल्यांनी नाही, मी चोरल्या. काम संपलं की तुम्ही यायच्या नाहीत, म्हणून. त्या मी परत बसवल्या, शपथ घेऊन सांगतो. पण काल कुणीतरी तुमची शिट्टीच नेली. मला माफ करा."

जनाबाईने हातातला बोंबील दोरीवर टाकला. मग आत गेली आणि पदराखालून काहीतरी घेऊन आली. तिने ते त्यांच्या हातात ठेवलं. गुणाजीची शिट्टी होती.

"तुमाला पायजे ती वस्तू काढता येते," ती हळूच म्हणाली. "मना त्या इंजिनातली येवढी एकच वलखता येते."