हजार शॉटची सरासरी

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत लेसरचा झोत हायड्रोजनमध्ये विझायचा; पण काही शॉटमध्ये, म्हणजे झोत सोडण्याच्या काही खेपांत, पडद्यावरच्या रेघेत विझलेल्या जागी सुईसारखं टोक पुन्हा उगवायचं, दरवेळी वेगळ्या क्षणी. त्याला सॉलिटॉन म्हणतात. गावाहून आलेल्या बाबांना तिथे संशोधन करणाऱ्या रंजीताने कालच कौतुकाने दाखवलं होतं. आज तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “हजार शॉटची सरासरी छाप, सगळे तेच करतात.” तिने छापली. रेघ सपाट आली. खाली “काही आढळले नाही” हेही तिनेच टाइप केलं. बाबांनी कागद उचलला. “कालची सुई कुठी गेली वो बाई?” “सरासरीत बुडाली, बाबा.” त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. “तुई माय मलेरियानं गेली, तवा आरोग्य खात्याच्या मोठ्या सायबानंबी असाच कागद दाखवला. पन्नास गावांच्या तब्येतीची सरासरी चांगली आहे, तुमाले डॉक्टर कायले पाहिजे, म्हने. तो कागदबी कोनाच्या तरी शिकलेल्या पोरीनंच टाइप केला असन.”